आजीच्या घोट्यावरून माझ्या घोट्यावर

रविवार, 17 ऑगस्ट 2025. चांदोरी

आजीच्या डाव्या घोट्यावर आहे तसंच गोंदण मला माझ्या घोट्यावर हवंय. मनात कधीपासून होतं, आज कामाला हात घातला. म्हणून ही वही.

आजी ओसरीवर पाय पसरून बसली, मी खाली गोणपाटावर. कोमट पाण्यानं पाय पुसून घेतला, मोबाइलवर फोटो काढले आणि मग व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायची सरकती पट्टी, लावलं. अंबडच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग तपासायचं काम करते मी, बारा वर्षं झाली. माप हातात आलं की वस्तू नीट कळते.

घोट्याच्या हाडावरून अर्धगोल ठिपक्यांची माळ. माळेवर तीन-तीन ठिपक्यांच्या कळ्या. मधोमध एक हिरवट-निळा डाग, त्यात काय होतं ते आता ओळखू येत नाही. आई म्हणाली मोर असेल. आजी चिडलीच, "मोर कशाचा? तुळस हाये ती." ठिपके 3.5 ते 4 मिमी, कडा पसरलेल्या, पाच-सहा एकमेकांत मिसळलेले. पहिल्यांदा केवढे होते विचारलं तर म्हणाली, "मव्हरीएवढे." मोहरीचा दाणा दीड-दोन मिमीचा. म्हणजे पासष्ट वर्षांत ठिपका दुपटीनं पसरला.

गोंदलं त्र्यंबकला, निवृत्तिनाथांच्या यात्रेत, पौष वद्य एकादशीला. आजी तेरा-चौदा वर्षांची. थोरल्या बहिणीचं लग्न ठरलेलं, तिच्यासोबत हिचंही गोंदून घेतलं. गोंदारीण झाडाखाली बसलेली, तीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या, वाटीत काजळी कालवलेली. बहिणीनं हिचा पाय मांडीत धरून ठेवला. वरून हळद दाबली आणि त्याच पायानं दोघी दिंडीबरोबर चालत परतल्या.

1972 च्या दुष्काळात आजीनं चांदीचे वाळे नाशकात सराफ बाजारात मोडले. त्यानंतर पायात चांदी आली नाही. दुष्काळी कामावर ती खडी फोडायला जायची. सोबतच्या बाया म्हणायच्या, तुझ्या पायात दागिना आहे की. आजीनं हे आज सांगितलं, पाय चोळत, अगदी सहज. मी व्हर्नियर पिशवीत ठेवलं आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले.

रविवार, 24 ऑगस्ट. येवला

थोरल्या आजीकडे, म्हणजे आजीच्या त्या थोरल्या बहिणीकडे जाऊन आले. दोघींचं गोंदण एकाच दिवशी, एकाच हातचं. हिचं तरी वाचता येईल अशी आशा होती.

आलं! तुळस आहे, मोर नाही. खाली चौकोनी वृंदावन, त्यातून उभी रेघ, रेघेला दोन्ही बाजूंनी पानांच्या तीन जोड्या. माळेत 15 ठिपके, कळ्या 4, म्हणजे ठिपके एकूण 27. चांदोरीच्या पायावर मला धड 13 मोजता आले होते.

एकाच सुईचं, एकाच वयाचं गोंदण, मग एवढा फरक का? थोरली आजी येवल्यात हातमागाच्या घरात पडली. पैठणीचा माग खड्ड्याचा, विणणारीचे पाय खाली सावलीत. तिनं चाळीसेक वर्षं माग चालवला. माझी आजी तेवढीच वर्षं अनवाणी उन्हात. हिचा ठिपका 2.5 ते 3 मिमी, माझ्या आजीचा चारपर्यंत गेलेला. दोनच पाय आहेत, यावरून नियम सांगता येणार नाही. पण ऊन गोंदणाचा रंग खातं हे खरंच आहे, आणि इथं ते शेजारी-शेजारी ठेवून बघायला मिळालं.

पसरण्याचं कारण नंतर वाचून काढलं. शाई कातडीच्या वरच्या थरात नसते. तो थर तर सतत झडतो आणि नवा येतो. शाई असते त्याच्या खालच्या थरात, साधारण एक-दोन मिमी खोल. शरीर तिला परकी समजून गिळायला पेशी पाठवतं. त्या पेशी कण गिळतात पण पचवू शकत नाहीत, शाई पोटात धरून तिथंच बसतात. पेशी मेली की कण मोकळे होतात आणि दुसरी पेशी ते उचलते. फ्रान्समधल्या शास्त्रज्ञांनी 2018 मध्ये उंदरांच्या कातडीवर हे दाखवून दिलं. म्हणजे आजीच्या घोट्यावरची काजळी या पिढीकडून त्या पिढीकडे सोपवली जात तिथं टिकली आहे. अशा हस्तांतरात कण थोडे इकडंतिकडं सरकणारच.

यातून माझ्या ड्रॉइंगला एक नियम मिळाला. ठिपका दीड मिमीचा आणि दोन ठिपक्यांत किमान चार मिमी मोकळी जागा. आज ते विरळ दिसेल. पण मी ऐंशीची होईन तेव्हा 27 च्या 27 मोजता आले पाहिजेत.

रविवार, 7 सप्टेंबर

पहिला स्टुडिओ बघितला, नापास. सुईचं पाकीट आधीच फोडून ट्रेमध्ये ठेवलेलं होतं. छोट्या कपात उरलेली शाई परत बाटलीत ओतताना माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वापरलेल्या सुया साध्या कचऱ्याच्या डब्यात. विचारलं तर उत्तर आलं, आजवर कुणाला काही झालं नाही. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातसुद्धा, किमान सात दिवस जिवंत राहतो. त्या कपात माझ्या आधी कोण होतं हे त्यांना तरी माहीत होतं का? चप्पल घातली आणि निघाले.

रविवार, 14 सप्टेंबर

दुसरा स्टुडिओ, गंगापूर रोडला. गोंदणारी ताई माझ्यापेक्षा लहान असेल, पण प्रश्नांना कंटाळली नाही. सुईची कार्ट्रिज एकदाच वापरायची, पाकीट माझ्यासमोर फोडणार, तारीख मी वाचायची. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेनं निर्जंतुक करायचं यंत्र, आहे, 121 अंशांवर चालवतात, कधी चालवलं त्याची वही आहे. वही दाखवा म्हटलं, दाखवली. नोंदी रोजच्या होत्या, एकाच पेनानं एका बैठकीत भरलेल्या नव्हत्या. कारखान्यात अशा वह्या बघून नजर तयार झालीय.

ड्रॉइंग तिला आवडलं. ठिपक्यांच्या अंतरावर मला वाद घालावा लागला नाही, तिनंच मान डोलावली. घोट्यावरची कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, त्यामुळे सुई जरा खोल गेली की शाई फुटून रेघेभोवती निळसर धूर पसरल्यासारखं होतं. पानं मात्र अजून साधी करायला सांगितली, आतल्या शिरा काढून टाकल्या.

मोठा प्रश्न बुटाचा. कारखान्यात सेफ्टी शूज सक्तीचे, घोटाभर उंच. मी बूट सोबत नेले होते. घालून कडेवर खडूनं खूण केली तर कड बरोबर तुळशीच्या मधून गेली. नक्षी वर सरकवली तर माळ कडेखाली येते, खाली सरकवली तर कळ्या. ताई म्हणाली, जागा नका बदलू, तारीख बदला. पटलं. दिवाळीत कंपनी 18 ते 26 ऑक्टोबर बंद आहे. शनिवार, 18 ऑक्टोबर ठरवला. नवरात्रात वणीला पायी जायचं असतं, तेही तोवर उरकलेलं असेल.

रविवार, 21 सप्टेंबर

दोन कामं केली. कंपनीच्या शिबिरात रक्त दिलं, कारण गोंदल्यानंतर 12 महिने रक्त देता येत नाही. हे आधी माहीत नसतं तर पुढच्या शिबिरात परत पाठवलं असतं. दुसरं, साखर तपासून घेतली. आईला मधुमेह आहे आणि तिच्या पायाची एक साधी जखम भरायला चार महिने लागलेले मी बघितलेत. पाय म्हटलं की आमच्या घरात आधी साखर. आकडा ठीक आला. जिची साखर वर आहे तिनं पायावर गोंदायच्या आधी डॉक्टरांशी बोलावंच.

मावसभाऊ मागं लागलाय, मलाही घोट्यावर काढायचंय. तो भरतीची तयारी करतो, रोज पहाटे मैदानावर असतो. त्याला स्पष्ट नाही म्हटलं. सैन्यभरतीत कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला, नाहीतर तळहाताच्या पाठीमागे. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेसाठी सूट आहे, आपल्याला नाही. आधी वर्दी घाल, मग हातावर काय हवं ते काढू म्हटलं. रुसलाय.

शनिवार, 18 ऑक्टोबर. धनत्रयोदशी

झालं.

सकाळी पोटभर पोहे खाऊन गेले. पाय घरी धुतला होता, तरी ताईनं जंतुनाशकानं पुसून नव्या ब्लेडनं लव काढली. छाप उठवताना मला उभं केलं, दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन. बसून छाप मारला की उभं राहिल्यावर घोट्याची कातडी फिरते आणि माळ तिरकी होते. पहिला छाप दोन मिमी पुढं गेला होता. मी काही बोलायच्या आत तिनं स्वतःच पुसला, कोरडं होऊ दिलं आणि दुसरा उठवला. तिथं मला तिच्याबद्दल पुरता विश्वास वाटला.

पाच सुयांचं गोल कार्ट्रिज, काळी शाई, तीही फक्त कार्बनची. रंग नकोच होता. अंगाला न मानवण्याच्या तक्रारी लाल शाईच्या जास्त येतात आणि आजीची काजळीही कार्बनच होती.

दुखलं. पोटरीच्या बाजूच्या कळ्या सहज सहन झाल्या, चिमटा काढल्यासारख्या. हाडावरची माळ वेगळीच. तिथं नुसती टोच नसते, यंत्राची थरथर हाडातून थेट गुडघ्यापर्यंत जाते आणि दात आपोआप आवळले जातात. सातव्या ठिपक्याला पाय झटकला जाईल असं वाटलं. थांबा म्हटलं, पाणी प्यायले, पुन्हा पाय दिला. आजीचा पाय तिच्या बहिणीनं का धरून ठेवला असेल ते तेव्हा कळलं.

मधल्या विश्रांतीत ताईनं एक गोष्ट सांगितली. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये सापडलेल्या, सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या अंगावर 61 गोंदणं आहेत, काजळीचीच, आणि काही घोट्यांवर. संध्याकाळी फोनवर आजीला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला हळद कुणी लावली आसंल?"

सव्वा तास, साडेचार हजार रुपये. वरून पारदर्शक फिल्म चिकटवून दिली. रिक्षानं घरी आले, पाय मांडीवर घेऊन.

रविवार, 19 ऑक्टोबर

रात्री पाय दोन उशांवर ठेवला, तरी सकाळी घोटा सुजलेला. पाय शरीराच्या तळाशी, सगळं पाणी तिकडंच उतरतं. फिल्मखाली काळं पाणी साचलं होतं. ते बघून आई घाबरली, पण ती फक्त जखमेतून पाझरलेली लस आणि जादाची शाई असते. खरी अडचण दुसरी होती. चालताना घोटा वाकतो, त्यामुळे फिल्मच्या खालच्या कडेला चुणी पडली आणि तिथून पाझरायला लागलं. जिथून पाणी बाहेर येतं तिथून घाण आतही जाते. ताईला फोटो पाठवला, तिनं लगेच काढून टाकायला सांगितलं. कोमट पाणी सोडत हळूहळू सोलली. बिनवासाच्या साबणानं, नुसत्या बोटांनी धुतलं, कागदी रुमालानं टिपलं. घासलं नाही. टॉवेलही नको, त्याचे धागे अडकतात. मलम इतकं कमी की कातडी नुसती ओलसर दिसावी.

सोमवार, 20 ऑक्टोबर. नरक चतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान. आईनं तेल-उटणं लावलं, डावा पाय गुडघ्यापासून खाली सोडून. उटणं म्हणजे ताज्या जखमेवर भरड पूड चोळणंच. डावा पाय स्टुलावर बाहेर ठेवून अंघोळ केली, नंतर तेवढा वेगळा धुतला.

चूक झाली ती रांगोळीत. उकिडवं बसून अर्धा तास रांगोळी काढली. उकिडवं बसलं की घोट्यावरची कातडी पुरती ताणली जाते. उठताना माळेच्या दोन ठिपक्यांतून पाणी आलेलं. आणि मांडी घालून बसणं तर बंदच, कारण बाहेरचा घोटा थेट फरशीवर दाबला जातो. टॅटूच्या काळजीचे जेवढे व्हिडिओ बघितले त्यांत हे कुणी सांगितलं नव्हतं. आपण जमिनीवर बसणारी माणसं, आपल्याला हेच आधी सांगायला हवं. उद्याच्या लक्ष्मीपूजनाला खुर्ची घेणार.

बुधवार, 22 ऑक्टोबर. पाडवा

आजी चांदोरीहून आली. येताना पुडीत घरची हळद. गोंदलं की हळद लावायचीच, त्याशिवाय तिच्या लेखी गोंदण पुरं होत नाही. ताईनं उघड्या जखमेवर काहीही पूड नको म्हणून बजावलेलं. आजीला नाही म्हणायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिला सगळं समजावून सांगितलं, ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं, तो पाय र्‍हाऊ दे, हा दे इकडं." उजव्या घोट्यावर हळदीचं बोट लावलं.

शनिवार, 25 ऑक्टोबर

सूज गेली. पापुद्रे सुटताहेत, उन्हानं भाजल्यावर सुटतात तसे, काळे-काळे. खाज भयंकर. नखं कापून टाकली, खाज आली की भोवती तळहातानं नुसतं थापटायचं. दिवसातून दोनदा धुणं, एकदा पातळ मलम.

मंगळवार, 28 ऑक्टोबर

कालपासून कामावर. नऊ दिवस पुरतील असा माझा हिशोब होता, तो चुकला. वरून कातडी दोन-तीन आठवड्यांत बंद होते, आतली भरायला महिने लागतात. हे मला माहीत होतं, आणि तरी सुट्टी संपली म्हणून जखमही संपली असं मी धरून चालले. लांब सुती मोजे घातले होते. आठ तास उभं राहून बुटाची कड त्याच खडूच्या खुणेवर घासत राहिली. घरी येऊन मोजा काढला तर डाव्या टोकाच्या कळीवरची खपली मोज्याला चिकटून आलेली, एका ठिपक्याच्या जागी ओली गुलाबी कातडी. रडू आलं. तो एक ठिपका थोरल्या आजीच्या पायावरून किती जपून आणला होता मी.

भोवती लाली होती. तिच्या कडेनं पेननं रेघ मारून ठेवली. सकाळी लाली रेघेबाहेर गेली, गरम लागली, पू किंवा ताप आला तर थेट डॉक्टर.

बुधवार, 29 ऑक्टोबर

लाली रेघेच्या आतच. तरी डॉक्टरांना दाखवलं, संसर्ग नाही म्हणाले. सुपरवायझरांना खरं कारण सांगितलं. दोन आठवडे मशीनवरून हलवून मापन कक्षात बसवलं, तिथं बुटाची उंच कड लागत नाही, कमी उंचीचे सेफ्टी शूज चालतात. हे आधीच विचारलं असतं तर ठिपका वाचला असता.

बुधवार, 5 नोव्हेंबर. त्रिपुरारी पौर्णिमा

रामकुंडावर दिवे सोडायला गेलो. सगळे पायऱ्यांवरून पाण्यात उतरले, मी वरच्या पायरीवर. अठरावा दिवस, वरून सगळं बंद झालेलं दिसतं, पण साचलेल्या पाण्यात तो पाय बुडवायचा नाही, मग नदी गोदामाईच का असेना. माझा दिवा बहिणीनं सोडला.

रविवार, 16 नोव्हेंबर

कातडी चकचकीत, नक्षीवर दुधाळ पडदा आल्यासारखी. घाबरायचं कारण नाही, वरचा थर नवा आहे, हळूहळू स्वच्छ होतो. जमिनीवर मांडी घालून जेवले आज, महिन्यानं.

रविवार, 14 डिसेंबर

आठ आठवडे झाले, आज ठिपका भरून आणला. पाच मिनिटांचं काम. ताईनं सगळी नक्षी बोटानं चाचपून बघितली, कुठं उंचवटा नाही. तुळशीची एक पानजोडी तिला फिकट वाटली, मला नाही वाटली, तशीच ठेवायला सांगितली.

आता खरा शत्रू थंडी आणि ऊन. कातडी कोरडी पडते म्हणून रात्री मलम, आणि सँडल घालून बाहेर पडताना घोट्याला सनस्क्रीन. लोकांना विचित्र वाटतं, घोट्याला कोण क्रीम लावतं. मी येवल्याचा पाय आणि चांदोरीचा पाय शेजारी-शेजारी बघितलेत.

रविवार, 11 जानेवारी 2026. चांदोरी

निफाड भागातली थंडी, ओसरीवर शेकोटी. त्र्यंबकच्या दिंड्या वाटेला लागल्यात, एकादशी बुधवारी.

आजीच्या पायाशेजारी माझा पाय ठेवला. तिला आता जवळचं नीट दिसत नाही. तिनं माझा घोटा धरला आणि बोटानं माळेवरून मोजत गेली. पंधरा. मग कळ्या. मग तुळशीवर बोट फिरवून आईकडे बघत म्हणाली, "मोर म्हणं."

नंतर माझ्या पायाला व्हर्नियर लावलं, आजीनं टॉर्च धरला.

माळ, ठिपका क्रमांक 1: 1.6 मिमी. ठिपका क्रमांक 8: 1.5 मिमी. डाव्या टोकाची कळी, भरलेला ठिपका: 1.7 मिमी. सर्वांत कमी अंतर: 4.1 मिमी.

पुढचं माप जानेवारी 2027 ला, इथंच.